स्प्रे फ्लेमच्या सिम्युलेशनमध्ये ज्योत पुन्हा पुन्हा विझते? रसायनाआधी थेंबांचा हिशेब तपासा

लक्षण ओळखीचं असेल. द्रव इंधनाचा फवारा सुरू आहे, ठिणगी दिली, ज्योत पेटली. ठिणगी बंद केल्यावर ती दोन-तीन मिलिसेकंद तग धरते. मग तिचा पाया नोझलपासून सुटतो आणि खालच्या बाजूला वाहत जातो. थोड्या वेळाने सगळं डोमेन (सिम्युलेशनमधली जागा) पुन्हा थंड पडतं आणि इंधनाची न जळलेली वाफ आउटलेटमधून बाहेर जात राहते. प्रयोगात मात्र हीच ज्योत तासन्‌तास स्थिर जळते. तुम्ही ठिणगीची ऊर्जा वाढवता, ज्योत पाच मिलिसेकंद टिकते आणि पुन्हा तेच. मेश (ती जागा छोट्या सेलमध्ये वाटणारी जाळी) बारीक करता, तर ज्योत आधीपेक्षाही लवकर मरते.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा: मेश बारीक केल्यावर उत्तर बिघडतं. वायूच्या ज्योतीचा अनुभव घेऊन थेंबांकडे आलेल्या माणसाला हे पटत नाही, कारण तिथे मेश बारीक म्हणजे उत्तर चांगलं. मीही बरेच आठवडे रसायनात घालवले. रासायनिक अभिक्रियांची छोटी यंत्रणा काढून मोठी घातली, मग दुसरी घातली, टर्ब्युलन्स आणि रसायन जोडणाऱ्या मॉडेलचे स्थिरांक हलवले. दोष तिथे नव्हता. द्रवाने वायूला किती वस्तुमान, किती उष्णता, कुठे आणि केव्हा दिली, या देवघेवीत तो होता. त्यानंतर जितक्या विझणाऱ्या केसेस माझ्यासमोर आल्या, त्यांतल्या बहुतेक तिथेच सापडल्या. म्हणून खालचा क्रम. तो रसायनापासून सुरू होत नाही.

आधी एक विभागणी करून घ्या

थेंब पूर्ण बंद करा. तेवढंच इंधन, तेवढ्याच दराने, त्याच जागी वाफ म्हणून सोडा आणि बाकी काहीही बदलू नका. ही केस प्रयोगाशी जुळणार नाही, जुळायचीही गरज नाही. वाफेवर ज्योत टिकली आणि थेंबांवर विझली, तर रसायन, इनलेटचा टर्ब्युलन्स आणि बाउंडरी बहुतांशी निर्दोष आहेत. वाफेवरही विझली, तर पुढचं वाचण्याआधी वेगाची फील्ड, पायलट (मुख्य ज्योत पेटती ठेवणारी छोटी ज्योत) आणि आउटलेटवरून परतणाऱ्या दाबलहरी तपासा.

दुसरं, मरणाऱ्या ज्योतीचे शेवटचे दोन मिलिसेकंद दाट नोंदवा. मी दर २० मायक्रोसेकंदांना तापमान, इंधनाची वाफ, ऑक्सिजन, उष्णतेचा दर आणि थेंबांची जागा साठवतो. डिस्क भरते, पण एकदाच करायचं आहे. ज्योत कशी मरते, यावर पुढची दिशा ठरते. तापमान उतरण्याआधी वाफ स्टॉइकिओमेट्रिकच्या (इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही पुरेपूर संपतील अशा प्रमाणाच्या) कितीतरी पुढे गेली असेल, तर ज्योत इंधनात बुडून मरते आहे. वाफ योग्य प्रमाणात असून तापमान कमी असेल, तर ऊर्जेचा हिशेब चुकला आहे. पायाशी वाफच नसेल आणि खाली भरपूर असेल, तर इनलेटमधली थेंबांची वाटणी चुकली आहे. या तीन मरणांना तीन वेगळी औषधं लागतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की कधी कधी अपघाताने ज्योत टिकतेही. तसं झालं की खरा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

बुडून मरणारी ज्योत: एका थेंबाचं गणित

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हा, म्हणून इथे थांबून कागदावर आकडे मांडू.

एन-हेप्टेनचा ५० मायक्रॉनचा एक थेंब घ्या. घनता घनमीटरला सुमारे ६८४ किलो, म्हणजे थेंबाचं वस्तुमान साधारण ४५ नॅनोग्रॅम. हेप्टेनच्या एका भागाला पुरं जळायला वस्तुमानाने सुमारे १५.१ भाग हवा लागते, तेव्हा या थेंबाला सुमारे ६८० नॅनोग्रॅम हवा हवी. वातावरणाच्या दाबाला आणि ३०० केल्विनला ही हवा ०.८३ मिलिमीटर बाजूच्या घनात मावते.

आता तुमचा सेल किती आहे? ०.२ मिलिमीटरचा असेल, तर त्यात त्याच तापमानाची हवा मावते फक्त साडेनऊ नॅनोग्रॅम. म्हणजे सेलमध्ये जितका वायू आहे, त्याच्या जवळपास पाचपट द्रव त्यात एका थेंबाच्या रूपाने बसलेला आहे. ज्योतीच्या आत, १८०० केल्विनला, वायू विरळ होऊन सेलमध्ये दीड-एक नॅनोग्रॅम उरतो आणि हेच प्रमाण २८ पटीवर जातं. या थेंबाला लागणारी हवा पुरवायला थंड मेशचे सुमारे ७२ सेल लागतील, आणि तुमचा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा कोड) त्याची सगळी वाफ एकाच सेलमध्ये ओततो आहे.

पार्सल (अनेक सारख्या थेंबांचा एकच प्रतिनिधी) वापरत असाल तर आणखी वाईट. एका पार्सलमध्ये २० थेंब असतील, तर हे सगळे आकडे २० ने गुणा. अशा वेळी १ मिलिमीटरच्या जाड सेलमध्येही पार्सलचं वस्तुमान सेलमधल्या हवेच्या जवळपास पाऊणपट होतं.

वेग पाहू. जळत्या वातावरणात हायड्रोकार्बनच्या थेंबाचा व्यासवर्ग सेकंदाला साधारण १ चौरस मिलिमीटर या दराने घटतो. हा व्यासवर्गाचा नियम १९५३ मध्ये गॉडसेव्ह आणि स्पॉल्डिंग यांनी मांडला आणि आजही अंदाजासाठी तो पुरतो. त्या हिशेबाने ५० मायक्रॉनचा थेंब सुमारे अडीच मिलिसेकंदांत संपतो. टाइमस्टेप १ मायक्रोसेकंद धरला, तर प्रत्येक स्टेपला त्या तापलेल्या सेलमध्ये वायूच्या वस्तुमानाच्या सुमारे १ टक्का वाफ पडते. हेप्टेनचा स्टॉइकिओमेट्रिक वस्तुमान-अंश ६.२ टक्के. थेंब वायूसोबतच वाहत असेल, तर सहा-सात स्टेपमध्ये सेल ती मर्यादा ओलांडतो. विसरणाने (डिफ्यूजनने) ही वाफ सेलबाहेर जायला मात्र शेकडो स्टेप लागतात. म्हणून थेंबागणिक एकेक सेल रिच (प्रमाणापेक्षा जास्त इंधनाचा) होत जातो, त्यातलं रसायन थांबतं आणि ज्योतीच्या पत्र्याला छिद्रं पडत जातात. चित्रात ही छिद्रं आधी टर्ब्युलन्समुळे पडल्यासारखी दिसतात. थेंबांची जागा त्याच चित्रावर ठेवून पाहा. छिद्रं थेंबांच्या बरोबर खाली असतील, तर ती टर्ब्युलन्सची नाहीत.

यातच दुसरी अडचण दडलेली आहे, आणि ती उलट दिशेने काम करते. बाष्पीभवनाचं मॉडेल थेंबापासून दूरच्या वायूचं तापमान आणि वाफेचं प्रमाण मागतं. थेंबाच्या पृष्ठभागावरची वाफ आणि दूरची वाफ यांच्या फरकावरूनच बाष्पीभवनाचा दर ठरवणारी स्पॉल्डिंगची संख्या निघते. ०.२ मिलिमीटरच्या सेलचा मध्य त्याच्या भिंतीपासून ०.१ मिलिमीटरवर, म्हणजे ५० मायक्रॉनच्या थेंबाच्या फक्त चार त्रिज्यांवर. तो भाग थेंबाच्या स्वतःच्या वाफेच्या थरात आहे. त्याला दूरचं म्हणणं चूक. थेंब आपलीच वाफ दूरची म्हणून मोजतो आणि आपणच थंड केलेल्या वायूला बाहेरचं तापमान समजतो, म्हणून त्याचं बाष्पीभवन खोट्या कारणाने मंदावतं. ज्योतीच्या आधीच्या थंड भागात हे जास्त घातक ठरतं. २५ अंश सेल्सिअसला हेप्टेनचा बाष्पदाब सुमारे ६.१ किलोपास्कल आहे. पूर्ण संपृक्त झालेल्या सेलमध्ये वाफ वस्तुमानाने सुमारे १८ टक्के, म्हणजे स्टॉइकिओमेट्रिकच्या तिप्पट प्रमाण. हे ज्वलनशीलतेच्या वरच्या हद्दीला जवळपास टेकलेलं मिश्रण आहे. एका बाजूला पेटू न शकणारे संपृक्त सेल, दुसऱ्या बाजूला वाफच न मिळालेले शेजारी सेल, आणि सरासरी काढली तर सगळं अगदी योग्य. सरासरीकडे पाहून मी स्वतः या दोषाच्या शेजारून किती वेळा पुढे गेलो, सांगता येत नाही.

उपाय काय? मेश जाड करा असं मी म्हणणार नाही, कारण मग ज्योतच रिझॉल्व्ह होत नाही. थेंबाची देवघेव मेशपासून वेगळी करा. वाफ, संवेग आणि उष्णता या तिन्ही सोर्स टर्म (थेंबांकडून वायूच्या समीकरणांत पडणारी भर) एका सेलमध्ये न टाकता थेंबाभोवती गॉसियन वजनाने (जवळ जास्त, दूर कमी) पसरवा, आणि त्या गॉसियनची रुंदी थेंबाच्या व्यासाच्या पटीत धरा, सेलच्या पटीत नाही. रुंदी सेलशी बांधली तर मेश बदलला की भौतिकीही बदलते आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. सुरुवातीला मी दहा ते पंधरा व्यास घेतो आणि रुंदी थोडी कमी-जास्त करून उत्तर किती हलतं ते पाहतो. अनस्ट्रक्चर्ड मेशवर प्रत्येक थेंबाचे शेजारी शोधणं महाग जात असेल, तर सोर्स फील्डवर काही स्टेपचं विसरण-समीकरण सोडवूनही तोच पसारा मिळतो. दूरचं तापमान आणि वाफ घेतानाही सेलची किंमत घेऊ नका, त्याच गॉसियनने आसपासची सरासरी घ्या. लोक पहिलं करतात आणि दुसरं विसरतात.

पार्सलची संख्या वाढवा, मेश बारीक करताना तर नक्कीच. मेश दुप्पट बारीक केली तर सेलचं आकारमान आठपट घटतं. पार्सल तेवढेच ठेवले, तर प्रत्येक सेलवर पडणारा घाव आठपट मोठा होतो. बारीक मेशवर ज्योत लवकर मरण्याचं सगळ्यात साधं कारण हेच.

एक सावधगिरी. गॉसियन पसारा समांतर कोडमध्ये घालताना प्रोसेसरच्या सीमेवर काय होतं ते पाहा. थेंब सीमेलगत असला आणि पसाऱ्याचा अर्धा भाग शेजारच्या प्रोसेसरवर जात असेल, पण तो पाठवलाच जात नसेल, तर तेवढी वाफ हवेत विरते. माझ्या एका केसमध्ये ज्योत ६४ प्रोसेसरवर टिकायची आणि १२८ वर विझायची. आठवडाभर मी ते टर्ब्युलन्सच्या यादृच्छिकपणावर ढकललं. एका बंद डब्यात थेंबांचं घटलेलं आणि वायूचं वाढलेलं वस्तुमान शेजारी लिहिलं, तेव्हा पाच मिनिटांत दोष दिसला.

बंद डब्याची चाचणी

ती चाचणी सगळ्यांनी करावी, म्हणून तिचं थोडं सविस्तर. रसायन बंद. प्रवाह नाही. घन डबा, सगळ्या भिंती उष्णतारोधक, आत ६०० केल्विनची हवा आणि मोजके थेंब. सगळे थेंब संपेपर्यंत चालवा. वायूचं वाढलेलं वस्तुमान आणि द्रवाचं घटलेलं वस्तुमान शेवटच्या अंकापर्यंत जुळलं पाहिजे. थोडं कमी चालेल असं इथे काही नाही, कारण ही मोजणी आहे, मॉडेल नाही. सगळ्या घटकांच्या वस्तुमान-अंशांची बेरीज १ यायला हवी. ती येत नसेल, तर वाफेचा सोर्स इंधनाच्या समीकरणात गेला आणि सातत्याच्या (एकूण वस्तुमानाच्या) समीकरणात जायचा राहिला. मग तीच चाचणी तीन मेशवर करा आणि एकाच थेंबाचा व्यासवर्ग वेळेसमोर काढा. सुरुवातीचा तापण्याचा काळ सोडला तर रेषा सरळ यावी आणि तिन्ही मेशवर एकच यावी. तीन वेगळ्या रेषा आल्या, तर वर सांगितलेला स्वतःच्याच वाफेचा दोष तुमच्याकडे आहे.

हीच चाचणी पुढच्या मरणाचाही उलगडा करते.

योग्य मिश्रण, पण थंड

डब्याचं अखेरचं तापमान हाताने काढा: सुरुवातीची ऊर्जा, द्रव तापवायला लागलेली ऊर्जा, अप्रकट उष्मा (द्रवाची वाफ करायला लागणारी उष्णता), वाफ तापवायला लागलेली ऊर्जा. सॉल्व्हरचं उत्तर त्याहून बरंच खाली असेल, तर बहुधा अप्रकट उष्मा दोनदा वजा झाला आहे.

हे घडतं कसं, ते सांगतो. सॉल्व्हर ऊर्जेचं समीकरण दोन प्रकारे लिहितो. एकात फक्त तापमानाशी जोडलेली एन्थाल्पी (उष्णतेचा साठा) असते, दुसऱ्यात घटकाची निर्मिती-एन्थाल्पीही (मूलद्रव्यांपासून तो घटक बनताना होणारा ऊर्जेचा फरक) धरलेली असते. हेप्टेनच्या वायूची निर्मिती-एन्थाल्पी मोलला उणे १८७.८ किलोजूल आणि द्रवाची उणे २२४.४. फरक ३६.६ किलोजूल, आणि हाच फरक म्हणजे अप्रकट उष्मा, किलोला सुमारे ३६५ किलोजूल. समीकरण निर्मिती-एन्थाल्पीसह लिहिलेलं असेल आणि थेंबाकडून येणाऱ्या वस्तुमानासोबत द्रवाचीच एन्थाल्पी येत असेल, तर अप्रकट उष्मा त्यातच भरला गेला. वर पुन्हा वेगळी वजाबाकी केली की तो दुप्पट. एकाने लिहिलेला थेंबांचा मॉड्यूल दुसऱ्याच्या वायूच्या सॉल्व्हरला जोडला की ही चूक हमखास शिरते.

आता यात एक फसवणूक आहे. स्टॉइकिओमेट्रिक प्रमाणात हेप्टेनची वाफ करताना, फक्त अप्रकट उष्म्यापोटी, हवा साधारण २४ अंशांनी थंड होते. दुप्पट वजाबाकी झाली तर ४८. ज्योत रडतखडत टिकते, चूक कळत नाही. इथेनॉलचं तसं नाही. त्याचा अप्रकट उष्मा २५ अंशांना किलोला सुमारे ९२० किलोजूल, आणि हवेचा एक किलो घेतला तर इंधनही जास्त लागतं, कारण प्रमाण १५ नाही, ९ आहे. तिथे हवा १०० अंशांनी थंड होते आणि चूक असली तर २०० अंशांनी. मग हेप्टेनची केस चालते, इथेनॉलची विझते, आणि आपण म्हणतो की इथेनॉलचं रसायन कच्चं आहे. ते बिचारं निर्दोष असतं. दोन इंधनांपैकी जास्त अप्रकट उष्म्याचंच इंधन विझत असेल, तर यंत्रणेची फाइल बंद करा आणि ऊर्जेची सोर्स टर्म उघडा.

याच भागात आणखी दोन ठिकाणं पाहून घ्या. थेंबाचं तापमान उत्कलनांकाजवळ गेलं (हेप्टेनचा ९८.४ अंश सेल्सिअस, इथेनॉलचा ७८.४) की पृष्ठभागावरचा वाफेचा अंश १ कडे सरकतो आणि स्पॉल्डिंगची संख्या अनंताकडे. कोड तिथे काय करतो ते वाचा. काही कोड दर शून्य करून गप्प बसतात. आणि थेंबाभोवतीच्या थरातले गुणधर्म कोणत्या तापमानाला घेतले जातात? रूढ पद्धत एक-तृतीयांशाची, म्हणजे पृष्ठभागाच्या तापमानात पृष्ठभाग आणि दूरचा वायू यांच्या फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा. सरळ दूरच्या वायूचे गुणधर्म घेतले तर ज्योतीजवळ दर बराच वेगळा येतो. थेंबांसाठी मी १९८९ चं अब्राम्झन आणि सिरिन्यानो यांचं मॉडेल वापरतो, सापेक्ष वेगाच्या दुरुस्तीसाठी १९५२ चं रांझ-मार्शल सूत्र त्याच्या आत बसतं. याहून बारीक मॉडेलने कुणाची विझणारी ज्योत पेटलेली मी पाहिलेली नाही.

पायाशी वाफच नाही

तिसरं मरण इनलेटमधून येतं. १०० मायक्रॉनच्या एका थेंबात १० मायक्रॉनच्या हजार थेंबांइतकं इंधन असतं, पण १० मायक्रॉनचा थेंब त्याच्या शंभरपट लवकर संपतो. म्हणून वस्तुमानात ज्यांची किंमत नगण्य, तेच बारीक थेंब ज्योतीच्या पायाला पहिली वाफ पुरवतात. रोझिन-रॅमलर वक्र (थेंबांच्या आकारांच्या वाटणीचं रूढ सूत्र) सरासरी व्यासावर बसवला आणि खालची बाजू १५-२० मायक्रॉनला कापली, तर सॉटर व्यास (एकूण आकारमान आणि पृष्ठभाग यांच्या गुणोत्तरावरून काढलेला सरासरी व्यास) जुळतो, एकूण इंधन जुळतं आणि पाया उपाशी राहतो. मापनातून मिळालेली प्रत्यक्ष वाटणी उपलब्ध असेल तर तीच वापरा, आणि वेग व्यासानुसार वेगळा द्या. ५० मायक्रॉनच्या हेप्टेन-थेंबाला थंड हवेच्या वेगाशी जुळवून घ्यायला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात, १० मायक्रॉनच्या थेंबाला ०.२. नोझलजवळ या दोघांचा वेग एकच असूच शकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त सूक्ष्म आहे. इनलेटला येणारी हवा कोरडीच आहे, हे कुणी ठरवलं? सिडनी विद्यापीठाच्या प्रसिद्ध स्प्रे बर्नरचं उदाहरण घ्या. त्यात अॅसिटोन किंवा इथेनॉलचा फवारा अल्ट्रासॉनिक नेब्युलायझरने नळीत बराच आत तयार होतो आणि १०.५ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत त्यातलं बरंच इंधन वाफ झालेलं असतं. एकूण इंधन द्रव म्हणूनच सोडलं, तर ज्योत मुळातच वेगळी होते. तोंडाशी मोजलेला द्रवाचा प्रवाह एकूण प्रवाहातून वजा करा. उरलेलं वाफ म्हणून इनलेटला द्या, आणि त्या वाफेमुळे थंड झालेल्या हवेचं तापमानही त्याच हिशेबाने खाली आणा. अॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, त्याच्यासाठी हे टाळून चालतच नाही. फ्रान्समधल्या रूआँच्या हेप्टेन बर्नरसारख्या केसमध्ये फवारा थेट तोंडाशीच होतो. तिथे हा प्रश्न कमी, पण पोकळ शंकूचा कोन आणि त्यातले मोठे थेंब नेमके कुठे जातात हे महत्त्वाचं ठरतं.

मग ज्वलनाचं मॉडेल

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं आणि ज्योत अजूनही विझते, तर आता मॉडेल उघडा. जाड केलेली ज्योत (मेशवर मावावी म्हणून ज्योत कृत्रिमपणे जाड करणारं मॉडेल) वापरणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा सापळा एकच आहे.

वातावरणाच्या दाबाला हेप्टेन-हवेची ज्योत साधारण अर्धा मिलिमीटर जाड आणि तिचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे वायू ती सव्वा मिलिसेकंदात ओलांडतो. २० मायक्रॉनचा थेंब ०.४ मिलिसेकंदात संपतो, तो ज्योतीच्या आतच वाफ होतो. ५० मायक्रॉनच्या थेंबाला अडीच मिलिसेकंद हवेत, तो अर्धवट राहून ज्योतीपार जातो आणि मागे गरम वायूत जळतो. आता ज्योत दहापट जाड केली. थेंब तिच्यात बारा मिलिसेकंद राहतो. जो पार जायला हवा होता, तो आता आतच संपतो, सगळी वाफ ज्योतीच्या पुढच्या, थंड भागात पडते आणि मिश्रण रिच होतं. म्हणून जाडीचा गुणक ज्या सेलमध्ये १० आहे, तिथे बाष्पीभवन, उष्णतेची देवघेव आणि ड्रॅग (हवेचा रोध) या सगळ्यांना १० ने भागावं लागतं. वायूसाठी लिहिलेल्या कोडमध्ये ही ओळ नसते. थेंब जोडताना ती आपण घालायची.

याच आकड्यांमधून एक मला फार आवडणारी गोष्ट दिसते. सगळं इंधन ५० मायक्रॉनच्या थेंबांत आहे आणि एकूण प्रमाण स्टॉइकिओमेट्रिक आहे, तर दोन थेंबांमधलं सरासरी अंतर ०.८३ मिलिमीटर, म्हणजे ज्योतीच्या जाडीपेक्षा जास्त. अशा फवाऱ्यात अखंड ज्योत असतेच असं नाही. ती थेंबाकडून थेंबाकडे, किंवा एका झुबक्याकडून दुसऱ्या झुबक्याकडे उडी घेते. त्यामुळे सिम्युलेशनमधलं प्रत्येक छिद्र दोष नसतं. थेंब जिथे नाहीत तिथे पडलेलं छिद्र खरं असू शकतं, थेंबाच्या नेमकं खाली पडलेलं बहुधा नाही.

फ्लेमलेटची टेबल (साध्या ज्योतींची आधीच काढून ठेवलेली उत्तरं) वापरत असाल तर दोन तपासण्या पुरतात. टेबलाच्या इंधनाकडच्या टोकाला कोणतं तापमान आहे? शुद्ध इंधनवायू आणि खोलीचं तापमान ही जोडी फवाऱ्यात कधी येतच नाही, आणि वाफ होताना गेलेली ऊर्जा दाखवायला टेबलात एन्थाल्पीचा वेगळा अक्ष लागतो. तसंच मिक्श्चर फ्रॅक्शन (मिश्रणात इंधनाकडून आलेल्या वस्तुमानाचा अंश) इथे अक्षय्य राशी राहत नाही, कारण तिला थेंबांकडून सोर्स मिळतो. तिच्या व्हेरिअन्सलाही (चढउताराच्या मापालाही) मिळतो, आणि ती टर्म गाळली की थेंबांजवळचं मिश्रण खोटं गुळगुळीत दिसतं. ज्योत प्रीमिक्स्ड (इंधन-हवा आधीच मिसळलेली) की डिफ्यूजन (जळतानाच मिसळणारी) हे ठरवायला इंधन आणि ऑक्सिजनच्या ग्रेडिएंटचा गुणाकार पाहण्याची जुनी पद्धत उपयोगी आहे. फक्त थेंब असलेल्या सेलमध्ये तिच्या चिन्हावर एकट्यावर विसंबू नका.

टाइमस्टेपबद्दल थोडक्यात: थेंबांचा स्टेप वायूच्या स्टेपपेक्षा लहान ठेवा, एका उपस्टेपमध्ये थेंबाचं वस्तुमान काही टक्क्यांपेक्षा जास्त घटू देऊ नका, आणि उष्णतेची देवघेव अर्ध-इम्प्लिसिट (अंशतः नव्या वेळेच्या किमती वापरून) सोडवा. ओपनफोम या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये यासाठी क्लाउडप्रॉपर्टीज फाइलमध्ये सोर्स टर्मची स्कीम निवडता येते. थेंबाजवळ १५०-२०० केल्विनसारखं अशक्य तापमान दिसलं, तर बहुतेक वेळा इथेच काहीतरी एक्स्प्लिसिट राहिलेलं असतं. किमान तापमानाची मर्यादा घालून ते झाकू नका. ती मर्यादा प्रत्येक स्टेपला डोमेनमध्ये ऊर्जा ओतते, ज्योत टिकल्यासारखी दिसते आणि तुम्ही त्या उत्तरावर विश्वास ठेवू लागता.

हे सगळं करूनही एक प्रकारची केस उरते: प्रयोगच विझण्याच्या उंबरठ्यावर केलेला असतो. तिथे इनलेटचा वेग थोडासा चुकला तरी ज्योत खरोखरच उडते, आणि तसं होणं बरोबरच आहे. अशा वेळी त्याच बर्नरची, त्याच इंधनाची, उंबरठ्यापासून दूरची शांत केस आधी चालवा. ती किमान पन्नास मिलिसेकंद ठिणगीविना टिकली, थेंबांचे आकार दोन-तीन उंचीवर मापनाशी जुळले आणि मेश एकदा बारीक केल्यावर ज्योतीचा पाया जागेवरून हलला नाही, की मग वेग टप्प्याटप्प्याने वाढवत उंबरठ्याकडे जा. पाया कोणत्या वेगाला सुटतो ते लिहून ठेवा. ही नोंद प्रयोगातल्या वेगाशी ताडून पाहता येते, आणि कुणाची मदत मागायची वेळ आली तर सोबत ती आणि बंद डब्याचे दोन आकडे पाठवा. समोरच्याला दोष शोधायला त्याहून जास्त फारसं लागत नाही.